बुद्धाच्या देशातली अनोळखी ठिकाणं

रविवार, २ फेब्रुवारी

बारावीपर्यंत डायरी लिहायचे, लग्न झालं अन् सुटली. आज परत धरली, कारण आमचे साहेब थायलंडला जाऊन बसलेत आणि मनातलं बोलायला घरात कोणी न्हाई. आत्याबाई आहेत, पण नवऱ्याची आठवण येते हे सासूला कसं सांगायचं?

मिथुनला जाऊन पंधरा दिवस झाले. काम कॉम्प्युटरवरचं, मुलाखतपण फोनवरच झाली. आत्याबाई आधी नको म्हणत होत्या. मंग विहारात कडूबा मामा म्हणाले, "मालनबाई, बुद्धाचा देश हाय तो. घराघरात पंचशील पाळत्यात. तिथं कोण फसवणार तुमच्या पोराला?" आत्याबाईंना बराबर पटलं. मला तर त्याच्याही आधी पटलं होतं. दुबई असती तर चार ठिकाणी चौकशी केली असती. ह्याची कोणाकडं चौकशी करावी असं डोक्यातच आलं न्हाई.

आज त्यानं फोटो पाठवला. मोकळ्या रानात जुनी विमानं सोडून दिलेली, आत बकऱ्या बांधलेल्या. खाली लिहिलं होतं, "सुमे, जय भीम. इथं टुरिस्ट येत न्हाईत. कंपनी म्हणती, आपल्या भाषेत अशी ठिकाणं दाखवा लोकांना. तू लय बोलती ना, बोल आता." मी पार्लरमधी आरशापुढं उभी राह्यले अन् बोलले. आष्टीतल्या बायकांना भुवया कोरता कोरता जेवढं ऐकवते तेवढंच, फक्त फोनकडं बघून.

यूट्यूबच्या चॅनलला नाव प्रेमनं दिलं, 'बुद्धाच्या देशातली अनोळखी ठिकाणं'. तो कुंभार पिंपळगावहून आल्ता. आई गेली तवा तो दुसरीत होता अन् मी नववीत. त्याचा शेंबूड पुसण्यापासून आयटीआयला घालण्यापर्यंत सगळं मीच केलं, म्हणून तो भाऊ कमी अन् लेकरू जास्त आहे. जाता जाता म्हणाला, "ताई, दाजीला सांग ना, माझं बी बघा म्हणावं तिकडं."

मी म्हणलं, "आधी मिशी तर नीट फुटू दे."

रविवार, ९ फेब्रुवारी

आजचं ठिकाण म्हणजे कमाल! नरकाची बाग. सिमेंटचे माणसाएवढे पुतळे, कोणाला कढईत टाकलंय, कोणाला करवतीनं चिरून राह्यलेत. खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीनं वीतभर बाहेर ओढलेली. मिथुननं लिहिलं, "हे प्रेमला दाखव. त्याचं चौथं बोट आठवतं का?"

लय हसले मी. लहानपणी प्रेमला मी पंचशील बोटांवर शिकवलं होतं. अंगठ्यापासून सुरू, एका बोटाला एक शील. चौथं खोटं न बोलण्याचं, करंगळीच्या शेजारचं. हा पठ्ठ्या ज्या दिवशी खोटं बोललेला असायचा त्या दिवशी ते बोट दुमडून ठेवायचा अन् चार शीलं म्हणायचा. "ताई, आज एवढं एक माफ." लग्नात मिथुनला हे सांगितलं तवापासून घरात चिडवाचिडवी चालूच असते. मिथुन चहा पिऊन न्हाई पिलो म्हणाला की मी त्याला म्हणते, बोट दुमडा आधी.

व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला.

रविवार, २३ फेब्रुवारी

चॅनल जोरात आहे. बँकेतल्या मॅडम भुवया करायला आल्या तर म्हणाल्या, "थायलंडवाल्या तुम्हीच ना?" मी आरशात बघून मान हलवली, जशी काही रोज कोणी विचारतं.

ताहेराला मात्र बघवत न्हाई. तिचं बांगड्यांचं दुकान माझ्या पार्लरला लागून आहे, दहा वर्षांपासूनची मैत्रीण. आज चहा घेताना म्हणते, "सुमेधा, एक बोलू का? तेरा आदमी फोटू में कायको नै रहता?"

मी म्हणलं, "फोटो काढणारा फोटोत कसा येईल?"

"एक तो सेल्फी लेता आदमी. आमचा पोरगा नोमान नांदेडला गेल्ता तर गुरुद्वाराचे चाळीस फोटो आणले, चाळीसमधी ह्याचंच थोबाड."

मी विषय बदलला. पण रात्रीच्या स्वयंपाकाला बसल्यावर मिथुनला मेसेज केला, तुमचा एक फोटो पाठवा. त्यानं पाठवला. भिंतीपुढं उभा आहे. वाळलाय. भिंत लय उंच अन् वर काटेरी तार. म्हणाला, सुरक्षा कडक आहे इथं. बरं वाटलं वाचून. आपल्याकडं कंपनीच्या गेटवर एक म्हातारा झोपलेला असतो.

शुक्रवार, ७ मार्च

मिथुनची भाषा बदलली. आज मेसेज आला, "प्रिय सुमेधा, आपण कशा आहात? येथील निसर्ग अत्यंत मनमोहक आहे." मी आत्याबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "कलेक्टर झाला का काय?" जय भीम न्हाई, सुमे न्हाई, काही न्हाई. मी फोन लावला तर कट केला. मंग दोन मिनिटांत लिहिलं, ड्युटीवर फोन चालत न्हाई.

त्याचा पासपोर्ट कंपनीनंच सांभाळायला ठेवलाय म्हणे, हरवू नये म्हणून. एवढी काळजी इथं कोण घेतं?

कंपनीला आणखी पोरं पाहिजेत. व्हिडिओखाली मिथुनचा नंबर टाक म्हणाले, टाकला. वडीगोद्रीचा बबलू नावाचा पोरगा त्यावरून गेलासुद्धा. त्याची आई दुर्गाबाई पेढे घेऊन पार्लरमधी आल्ती. माझ्या पाया पडायला लागली, मीच मागं सरले. पेढा मात्र खाल्ला.

सोमवार, ३१ मार्च

आज ईद. ताहेराकडं शीरखुर्मा प्यायला गेले अन् भांडून आले.

तिनं फोन पुढं केला. आमचं मागच्या रविवारचं ठिकाण, धरणाचं पाणी उतरल्यावर वर येणारं बुडालेलं देऊळ. आपल्या दुधनाच्या धरणात गेलेल्या गावांसारखं, म्हणून मी लय जीव लावून बोलले होते. तोच फोटो, तसाच्या तसा, कोणत्या तरी गोऱ्या बाईनं चार वर्षांपूर्वी टाकलेला.

"ये उसने नै खींचा," ताहेरा म्हणाली. "सुमेधा, मेरा दिल घबराता."

मला राग आला. म्हणलं, "तुमच्यातला कोणी गेला असता तर तू मोहल्लाभर मिठाई वाटली असती. माझा गेला तर तुझा जीव घाबरतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाटी परत आत नेली.

तसं बोलायला नको होतं. पण फोटो कोणाचाही असेना, ठिकाण तर खरं आहे. मिथुनला विचारलं तर म्हणाला, वेळ मिळत नाही म्हणून नेटवरून घेतला. मंग झालं की.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, डीजेचा आवाज पार बसस्टँडपर्यंत. मी निळी पैठणी नेसले. आत्याबाई पांढऱ्या साडीत, हातात फोन घेऊन सकाळपासून ओट्यावर. मिथुनचा फोन येणार. कुठंही असला तरी आजच्या दिवशी तो येणारच. पुण्यात होता तवा तर पाय मोडलेला असताना आल्ता.

आला न्हाई. संध्याकाळी मेसेज आला. "आपणास सणाच्या हार्दिक शुभेच्छा." कोणता सण ते पण न्हाई.

आत्याबाई ओट्यावरून उठल्या. फोन मला दिला अन् आत जाऊन आडव्या झाल्या. खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. पण कशाची ते सांगता येत न्हाई म्हणून इथंच सोडते.

रविवार, २० एप्रिल

प्रेमचं ठरलं. मी न विचारता त्यानं परस्पर मिथुनला लिहिलं अन् तिकडून लगेच हो आलं. तिकीटपण कंपनीचं.

मी म्हणलं, थांब जरा. तो म्हणाला, "रोज फोनवर तूच सांगती, या बघायला, या बघायला. गावातल्या सगळ्या पोरांनी यावं अन् तुझ्या भावानं पिंपळगावात पंक्चर काढावीत?" सगळं सांगणारं माझंच तोंड.

दाजी तिथं आहे, बुद्धाचा देश आहे, अन् हा एकटा थोडाच राहणार. दोघं एकमेकांना सांभाळतील. हे मी दोनदा लिहून बघितलं अन् दोन्ही वेळेस बरोबरच वाटलं.

सोमवार, ५ मे

दुर्गाबाईचा फोन. "बाई, बबलू बोलतो, पर कुणी वाचून दाखवल्यावानी बोलतो. घरच्या म्हशीचं नाव विचारलं तर गप बसला. तुमचा मालक असाच बोलतो का?"

मी म्हणलं, नेटवर्क असतं हो तिकडं. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, मिथुनचा आवाज ऐकून मला महिना झाला.

सोमवार, १२ मे

बुद्ध पौर्णिमा. आज आनंदाचं लिहायचं होतं.

मी कंपनीच्या नंबरवर अक्षरशः हट्ट धरला होता. बुद्धाच्या देशातून मिथुन पंचशील देईल, विहारातली माणसं त्याच्यामागं म्हणतील, मी व्हिडिओ टाकीन, हजारो लोक बघतील. त्यांना ते आवडलं. पाच मिनिटं दिली.

प्रेमनं फोन विहारातल्या स्पीकरला जोडला. अख्खी वस्ती बसलेली. मिथुनचा आवाज आला अन् आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आवाज खोल गेलेला, सर्दी झाल्यासारखा. पण त्याचाच.

पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. मंग त्यानं एकदम पाचवं घेतलं, दारूचं. अर्धी माणसं सवयीनं चौथं म्हणायला लागली, अर्धी त्याच्यामागं पाचवं. नुसता गोंधळ. पोरं खिदळली. कडूबा मामा माइकवर म्हणाले, "मिथुन, बाळा, चौथं राह्यलं."

तो म्हणाला, "परत घेतो." परत पहिलं, दुसरं, तिसरं. थांबला. अन् परत पाचवं.

मागून कोणाचा तरी आवाज आला अन् फोन कट झाला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आत्याबाई घरी येईपर्यंत मान खाली घालून चालल्या. "बापानं मांडीवर घेऊन शिकवलं होतं त्याला," एवढंच म्हणाल्या. प्रेम म्हणाला, दाजी दमला असंल. मी रागात मेसेज केला, चार महिन्यांत पंचशील विसरलात, उद्या मला पण विसराल. उत्तर आलं, "क्षमस्व."

बुधवार, २१ मे

प्रेम गेला. जालन्याला रेल्वेत बसवून आले, पुढं विमान. डब्यात दशम्या, तिळाची चटणी, बाबासाहेबांचा लहान फोटो. गाडी हलली तसा दारात लटकून ओरडला, "ताई, आता फोटोत मी असणार! ताहेरादीदीला सांग!"

ताहेरा बोलत न्हाई माझ्याशी ईदपासून. पण आज मी दुकान उघडताना बाहेर येऊन उभी राह्यली. "गया क्या?" मी मान हलवली. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली अन् तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. दुवाच असंल.

गुरुवार, २२ मे

न लिहिलं तर वेड लागंल.

दुपारी पार्लरमधी एका पोरीच्या भुवया करत होते. आत्याबाई कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या अन् नेहमीचं पुराण चालू होतं. पंचशील विसरला, पंचशील विसरला. मी म्हणलं, जाऊ द्या हो आता. तर म्हणाल्या, "इसरायचंच होतं तर दारूचं इसरला असता, म्हणलं असतं लागली असंल सवय. नेमकं खोटं बोलायचं न्हाई, हेच कसं इसरला? अन् ते बी दोन डाव?"

दोरा माझ्या दातात होता. तसाच राह्यला.

चौथं बोट. माझ्या नवऱ्यानं अख्ख्या वस्तीसमोर, कंपनीच्या माणसांच्या नाकाखाली बसून, मला बोट दुमडून दाखवलं. मी खोटं बोलून राह्यलोय, सुमे. सगळं खोटं आहे. एकदा कळलं न्हाई म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. अन् मी त्याला काय लिहिलं? मला पण विसराल.

मी प्रेमला फोन लावला. लागंना. लागंना. मंग लागला. पोरगं खुशीत. "ताई, थायलंडला उतरलो! दाजीला सुट्टी न्हाई मिळाली, पर गाडी पाठवली. ड्रायव्हरसंगं एक माणूस हाय, लय चांगला. मला बघताच जय भीम म्हनला! आपला चॅनल बघतो म्हने, सगळे व्हिडिओ."

मी म्हणलं, "प्रेम, गाडीतून उतर. पोट दुखतंय म्हण, उलटी येती म्हण, काही बी म्हण, पण उतर. पोलिसाकडं जा. दाजीनं चौथं मुद्दाम सोडलं होतं. चौथं बोट, प्रेम!"

त्याला कळलं. माझं लेकरू हुशार आहे, मला कळायला दहा दिवस लागले ते त्याला एका श्वासात कळलं. हळूच म्हणाला, "ताई, दार आतून उघडंना."

मंग दुसराच आवाज. गोड, आपल्याच लोकांसारखा. "ताई, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. टेन्शन नका घेऊ. जय भीम."

शुक्रवार, २३ मे

ताहेराच्या पायावर डोकं ठेवायला गेले. तिनं खांदे धरून उठवलं अन् म्हणाली, "बाद में रोना, पैले चल." तिचे मियाँ गयासोद्दीनभाई गाडी घेऊन आले. पोलिसांत अर्ज दिला. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, वरती पाठवतो म्हणाले, तिकडच्या वकिलातीला कळवावं लागंल, वेळ लागतो म्हणाले. ते प्रेमचा फोटो मागत होते अन् माझ्या फोनमधी नुसती विमानं, देवळं, नरकातले पुतळे.

चॅनलवरचे मेसेज वाचले. ताई, माझं बी बघा. ताई, आम्ही दोघं भाऊ यायला तयार. ताई, नंबर पाठवला आहे. मी प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवून ठेवलेला. आष्टीचे, परतूरचे, घनसावंगीचे, पार बीडकडचेसुद्धा. मी कोणाच्या घरी जाऊन पोरगं पळवलं न्हाई, पण नेमकं तेच केलं.

रविवार, २५ मे

सकाळी मिथुनच्या नंबरवरून फोटो आला. तेच बुडालेलं देऊळ. पण ह्या वेळेस त्याच्यापुढं प्रेम उभा आहे. देऊळ मागं चिकटवल्यासारखं दिसतंय अन् त्याच्या पायाखाली फरशी. हात वर केलाय, टाटा केल्यावानी. हसून राह्यला आहे.

करंगळीच्या शेजारचं बोट दुमडलेलं आहे.

खाली लिहिलं होतं, "नवीन ठिकाण. आज सायंकाळी व्हिडिओ टाकावा. आपले पती व बंधू सुखरूप आहेत. व्हिडिओ नियमित असल्यास सुखरूप राहतील."

मी तो फोन आत्याबाईंपुढं ठेवला. सगळं सांगितलं. व्हिडिओ केला तर आणखी पोरं जातील. न्हाई केला, किंवा खरं बोलले, तर ह्या दोघांचं काय करतील ते त्यांनाच माहीत. मला एकटीला ठरवता येत न्हाई, तुमचा लेक आहे.

आत्याबाईंनी फोटो मोठा करून बघितला. डोळे पुसले न्हाईत, तसेच वाहू दिले. मंग म्हणाल्या, "दुर्गाबाईचा बी लेकच हाय. मिथुन अन् प्रेम दोघांनी बी आपल्यावर भरवसा ठेवून बोट दुमडलंय. आपुन बी दुमडून बसलो तर त्यांनी कुणाला सांगितलं?"

दिवस मावळायच्या आत पार्लरचं शटर अर्धं ओढलं. ताहेरानं फोन धरला. नेहमीसारखी आरशापुढं उभी राह्यले, पण पावडर लावली न्हाई.

"जय भीम. मी सुमेधा, आष्टीहून. आज तुम्हाला असं ठिकाण सांगते जे मी पण बघितलेलं न्हाई. त्याला उंच भिंत आहे, वर काटेरी तार आहे अन् दार आतून उघडत न्हाई. माझा नवरा तिथं आहे, माझा भाऊ तिथं आहे, वडीगोद्रीचा बबलू तिथं आहे. आतापर्यंत मी दाखवलं ते सगळं खोटं होतं. कोणी जाऊ नका."

ताहेराचा हात हलला होता, सगळं चित्र डुगडुगलं. ती म्हणाली, "फिर से बोलती क्या? आवाज भी अटक रहा तेरा." मी न्हाई म्हणलं. होता तसाच टाकला, अन् फोन आत्याबाईंच्या मांडीवर ठेवून आम्ही तिघी तो वाजायची वाट बघत बसलो.